अनोळखी पूड

टेबलावर वॉच ग्लासमध्ये चिमूटभर पूड.
शेजारी चिठ्ठी: सॅम्पल डी.
ओळखा. कारणे द्या. वेळ चाळीस मिनिटं.

पहिल्यांदा जर्नलमध्ये लिहिलं होतं मी,
रंग, वास, चव यांवरून करायची ती परीक्षा:
ऑर्गॅनोलेप्टिक.
अण्णांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला,
गोणी पाठीवर घेण्याआधी
तिचे कान चाचपून बघावेत तसा,
आणि सोडून दिला.
"म्हंजी नाकच ना?"
"हो. नाकच."

अण्णा. मसाला मार्केट, टोळी नंबर सतरा.
एकतीस वर्षं वाशीच्या गाळ्यांतून
धणे, मिरी, जायपत्री
त्यांच्या पाठीवरून कुठकुठे गेली.
कोपरखैरण्याच्या खोलीत
त्यांचा सदरा खुंटीला लागला की
आई आधी खिडकी उघडते, मग चहा टाकते.
माझा अ‍ॅप्रन वेगळा धुते, वेगळा वाळवते,
तरी पहिल्या सेमिस्टरला शिफा म्हणालीच,
तुझ्या अंगाला बिर्याणीचा वास येतो गं.
मी महिनाभर तिच्या शेजारी बसले नाही.

फार्माकॉग्नसी सुरू झालं
आणि तीच आली मागे मागे:
बाबांना सांग ना, थोडी दालचिनी आणा.
खरी. आणि थोडी खोटी पण.

अण्णांनी दोन्ही आणल्या,
झाडलोटीतल्या, वर्तमानपत्राच्या दोन पुड्यांत.
एकीवर पेनाने फुली.
फुली खऱ्याची की खोट्याची, ते विसरले.
"मग हुंगून सांगा की."
ते वाकले.
बराच वेळ वाकलेलेच राहिले.
"आता न्हाय येत त्यातलं काय.
ब्याडगी उतरवत हुतो दोन-तीन सालं, तवाच गेलं."

आईने भाकरी उलटली.
तिला माहीत होतं.
आमटी लागली, करपली, विटली,
या माणसाने कधीच का काढलं नाही तोंडातून,
हे मला तिथे, पाटावर बसल्या बसल्या कळलं.
आणि मी काय, तर
त्यांना इनहेलर ओढायला शिकवत होते:
श्वास धरा, दहा मोजा.
ते सातलाच सोडतात.

मग माल ओळखता कसा?

"खांद्यानं.
लवंग आतल्या आत कुरकुरती.
जिरं सरकतं, भेदरल्या पोरागत मानंकडं येतं.
हळकुंड कोपर मारतं.
बडीशेप हलकी, पर लई फुगीर."

आणि दालचिनी?

"तिचं खोकं आस्तं.
खोक्यातलं काय कळतंय?"

हे कुठल्या पुस्तकात नाही.
जर्नलच्या शेवटच्या पानावर
पेन्सिलीने उतरवून ठेवलं,
मॅडमनी खाली सही केली, न वाचता.

चाळीसातली अकरा मिनिटं उरली आहेत.
क्लोरल हायड्रेटमध्ये उकळून झालं.
फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब, आम्लाचा थेंब, वर काच.
भिंगाखाली गुलाबी होत गेलेले टोकदार तंतू,
फुटलेल्या तेलग्रंथी,
आयोडीन टाकलं तर निळं काहीच नाही.
नाकाने तर आल्या आल्याच सांगितलं होतं,
पण नुसतं नाक चालत नाही इथे, कारणं द्यावी लागतात.
मी कारणं देते. एक ते सहा.
पहिल्या कारणाशी, वास: तीव्र, सुगंधी,
पेन जरा थांबतं.
एक्स्टर्नल विचारतात, काय झालं, पार्टे?
काही नाही, सर.
वॉच ग्लास हळूच कानाजवळ नेते.
पूड झाल्यावर कुरकुरत नाही ती.

रात्री अण्णा आले.
दारातच चप्पल काढता काढता,
"काय आलतं?"

"लवंग."

डाव्या हाताने उजवा खांदा चोळला त्यांनी,
जरासा वर-खाली केला,
जणू आत्ताच कुणी ठेवलंय त्यावर काही.

"हलका माल," म्हणाले.
"हुशील पास."